शालिकरामच्या डोक्याची मोजणी

अमरावती, मार्गशीर्ष वद्य पक्ष, शके १७८६

तीर्थस्वरूप नत्थुजी मामा यांचे चरणी भाचा शालिकराम याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी शिर सध्या दुसऱ्याच्या कामात गुंतले आहे, तेवढे वजा धरावे. कारण पुढे येईल.) आपण शेंदूरजन्यास सुखरूप असाल, गंगूबाई मामींचा गुडघा थंडीने धरला नसेल, आणि धाकटा बैल अजून गोठ्यात कोणाला उभे राहू देत नसेल तर तोही खुशाल आहे असे समजतो. इकडील म्हणाल तर मी जेवतो, झोपतो, कामावर जातो. याहून अधिक क्षेम लिहिले तर ते खोटे होईल.

पत्र लिहिण्याचे कारण असे की रिद्धपूरचे शेषराव काका कापूस विकायला येथे आले होते आणि परत जाताना वाट वाकडी करून ते आपल्या गावी गेले. त्यांनी तिकडे काय सांगितले ते पुंजारामच्या निरोपावरून आता मला कळले. सरकारने माझ्या डोक्याची मोजणी केली आहे, रेघा ओढून हद्दी पाडल्या आहेत, आणि पौषातल्या परीक्षेत मी नापास झालो तर डोके सरकारजमा होणार आहे, असे आईने ऐकले. ती तेव्हापासून धड जेवत नाही आणि पुंजारामला म्हणते की भावाला घेऊन ये, डोक्यासकट. मामा, यातला पौष खरा आहे. परीक्षा खरी आहे. नापास होणे हेही बहुतेक खरेच होणार. रेघासुद्धा खऱ्या आहेत. डोके सरकारजमा होणे एवढेच खोटे. एका गोष्टीत इतके खरे आणि इतकेसेच खोटे असले म्हणजे ते पुसून काढणे फार कठीण जाते, म्हणून सगळे पहिल्यापासून लिहितो. आपण ते आईला आपल्या पद्धतीने सांगावे.

परीक्षा अकोल्यास आहे. पास झालो तर नेटिव्ह डॉक्टरची सनद मिळेल आणि एखाद्या तालुक्याच्या गावी दवाखाना सांभाळायला देतील. नापास झालो तर आता ज्या दवाखान्यात कंपौंडर म्हणून पुड्या बांधतो तेथूनही उठावे लागेल. कार्तिकात आबा वारले म्हणून तेव्हाच्या परीक्षेला मी बसलो नाही. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी माझे मुंडण पाहिले आणि ही एक खेप वाढवून दिली, पण याच्यापुढे नाही हे बोट वर करून सांगितले. तेव्हा नापास झालो की आपण म्हणता तसे भगवंतराव दलालांच्या कापसाच्या वखारीवर येऊन बसेन. आपण त्यांच्याकडे माझी जागा धरून ठेवली आहे हे ठाऊक आहे. ती तशीच धरून ठेवावी. हल्ली कोणी शहाणा मनुष्य हाडे आणि शिरा पाठ करीत नाही. कोठे समुद्रापलीकडे लढाई चालली आहे, तिकडचा कापूस बंद झाला आहे, आणि आपल्याकडे ज्याच्या शेतात चार पऱ्हाट्या उभ्या आहेत तोही बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालतो आहे. अशा दिवसांत मी माणसाच्या कवटीला भोके किती आणि त्यांतून काय काय बाहेर पडते हे घोकतो. माझ्या कवटीतून जे बाहेर पडते त्याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

येथे राहायला जागा नाही. अमरावतीत ज्याच्याकडे म्हणून छप्पर आहे त्याने त्याखाली कापूस भरला आहे. मी ज्यांच्याकडे राहतो त्या पार्वताबाईंच्या घरी आधी माझी एक खोली होती. आबांचे तेरावे करून परत आलो तर खोलीत एका व्यापाऱ्याची रुई दारापर्यंत ठासलेली. मी काही बोललो नाही. (मी बोलत नाही हे आपणास ठाऊकच आहे. आबा म्हणत की या पोराच्या तोंडातून शब्द काढायला सरकी काढायचा रेचा लागेल.) पार्वताबाईंनीच सांगितले, "कापसाले देल्ली बा खोली. कापूस खोकत नाही, पानी मागत नाही, अन् सकाळपासून हाडं-हाडं करत बसत नाही. तुले राह्यचं त राय त्याच्यावरतं." तेव्हापासून मी त्या रुईवर अंथरूण टाकतो. ऊब असते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. पण सकाळी दवाखान्यात जातो तेव्हा अंगरख्याला, मिशीला, कानांत कापूस असतो, आणि रोगी मला पाहून हातातली पुडी परत ठेवतात. कापसावर माझा राग आहे असे नाही. कार्तिकात आपला माणूस निरोप घेऊन आला तेव्हा मी लगेच निघालो होतो, पण वरूडच्या रस्त्याने समोरून कापसाच्या गाड्यांची रांग येत होती. ती संपेचना, आणि आमची एकच रिकामी गाडी शेतात उतरून उभी राहिली. तेवढ्यात तिकडे सगळे झाले. पुंजारामने अग्नी दिला. तो विषय येथे नको.

पुस्तकाविषयी लिहितो. आमच्या दवाखान्यात एक म्हातारे मुनशी होते, त्यांनी इंग्रजी ग्रंथावरून हिंदुस्तानीत एक पोथी उतरवून ठेवली आहे, तीच आम्ही वाचतो. हाडांपर्यंत ठीक होते. हाड असते तेथे असते, हात लावून पाहता येते. पण या खेपेस साहेबांनी मेंदू, मेरुदंड आणि मज्जातंतू यांवर जोर दिला आहे. मज्जातंतू म्हणजे पांढरे दोरे. ते मेंदूतून निघून अंगभर जातात, आणि पाय हलव, डोळा मीट हे हुकूम त्यांवरून पोहोचतात. कवटीतून त्यांच्या किती जोड्या निघतात? मुनशींच्या पोथीत नऊ. साहेबांच्या नव्या ग्रंथात बारा. मी अनेक दिवस समजत होतो की मुनशींच्या वेळेची माणसे वेगळी असतील. मग आमच्या खुशालरावाने उलगडा केला. खुशालराव हा येथील ड्रेसर, म्हणजे जखमा बांधणारा. तोही परीक्षेला बसतो आहे आणि त्याला कशाचेही दुःख होत नाही. तो म्हणाला की तंतू तेवढेच आहेत. जुन्या लोकांनी त्यांतले काही एकत्र कुटुंबात ठेवले होते, नव्यांनी वाटणी करून दिली. हे मला एकदम समजले. पण समजले तरी नावे पाठ होईनात. सकाळी बारा असत, दुपारी साडेआठ उरत.

तेव्हा मीच एक युक्ती काढली, आणि माझ्या हालांची सुरुवात माझ्याच युक्तीने झाली. बारा म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला गावचे बारा बलुतेदार आठवतात. मी एकेका तंतूवर एकेक बलुतेदार नेमला. वास घेणारा पहिला, तो गुरव, कारण धूप त्याच्या हातात. पाहणारा दुसरा, तो जोशी, कारण ग्रह त्याला दिसतात, निदान तो तसे सांगतो. डोळा गरकन फिरवणारा चौथा, तो कुंभार. आणि दहावा, जो मानेतून खाली उतरतो, छातीत शिरतो, काळजाशी थांबतो, फुप्फुसाकडे डोकावतो आणि थेट पोटापर्यंत जातो, ज्याला घरी बसणे माहीत नाही, तो न्हावी. न्हाव्यावाचून गावात असे घरोघर कोण फिरते? या युक्तीने बाराही जण माझ्या डोक्यात सुखाने नांदू लागले. परीक्षा त्याच आठवड्यात असती तर मी पास झालो असतो.

पण साहेबांनी आधी तोंडी चाचणी घेतली. आम्ही पाच-सहा जण रांगेत उभे. साहेब हिंदुस्तानी बोलतात, पण त्यांना ती आमच्याइतकीच येते. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "दसवाँ?" बस, एवढेच. मला आनंद झाला. (आनंद मला मानवत नाही.) मी न्हाव्याला स्मरून म्हणालो, "नाई, साहेब. गर्दन से उतरता है, पेट तक जाता है, रास्ते में सबका हाल पूछता है." साहेब लाल झाले. त्यांना वाटले की मी दवाखान्यात चाललेला एक भयंकर प्रकार उघडकीस आणतो आहे. रोग्यांचे केस काढायला आमच्याकडे जो न्हावी येई त्याच्याविषयी त्यांना आधीपासून संशय होता, की हा माघारी गळवे फोडतो. आता तो मानेपासून पोटापर्यंत वस्तरा चालवतो हे एका शिकलेल्या मनुष्याने भर रांगेत सांगितले. मी खुलासा करायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी त्या न्हाव्याला आवाराबाहेर काढण्याचा हुकूम देऊन टाकला होता. नंतर साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, उत्तर चुकले, पण प्रामाणिक आहेस. न्हावी फाटकाशी धोपटी घेऊन उभा होता. मला म्हणाला, "डागतरबुवा, म्या तुमचं काय वाकडं केलं? तुमच्या बापाच्या सुतकाची हजामतबी म्याच नीट करून देल्ली ना नंतर." मी त्याला काय सांगणार? दहावा तंतू सांगणार?

त्या दिवशी मी ठरवले की पुरे. पण खुशालराव मला सोडीना. तो म्हणाला की नावांवर जाऊ नको, जागा पाहा. कोणता भाग कोठे आहे ते डोळ्यांपुढे आले की नाव आपोआप येते. आता जागा पाहायच्या तर मेंदू पाहिजे. येथे मेंदू मिळत नाही. त्याने बकऱ्याचे डोके आणले, ते पार्वताबाईंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही, आणि बाहेर ठेवले तर कुत्र्याने अभ्यास करून टाकला. मग त्याची नजर माझ्या डोक्याकडे गेली. आबांसाठी काढलेले केस जरा जरा उगवले होते. न्हावी माझ्याच कृपेने हद्दपार झालेला, तेव्हा खुशालरावाने दवाखान्याच्या वस्तऱ्याने स्वतःच ते पुन्हा साफ केले (दोन ठिकाणी कापले, ते त्यानेच बांधले, सराव म्हणून), आणि गेरू जवसाच्या तेलात कालवून माझ्या टाळूवर मेंदूचा नकाशा काढला. पुढे मोठ्या मेंदूचा पुढला भाग, मग मधला, कानाजवळचा, मागे मानेशी लहान मेंदू. प्रत्येकात बाळबोध अक्षरांत एकेक खूण. मग तो माझ्या मागे बसून बोट ठेवी आणि विचारी, आणि मला जेथे बोट टेकले तेथे काय आहे हे सांगावे लागे. मामा, लाज वाटते, पण याने अभ्यास झाला. माझा नव्हे, खुशालरावाचा झाला. नकाशा त्याला दिसत होता. मला फक्त गुदगुल्या होत.

अशाच एका सकाळी त्याने डाव्या कानाच्या वर एक फुली काढली. तो शिकवण्याच्या भरात होता. म्हणाला, हे पक्के ध्यानात ठेव, डावीकडचा मेंदू उजव्या अंगावर हुकूम चालवतो. असे उलटे का, हे कोणाला माहीत नाही. सरकारचा मोठा साहेब बसतो हैदराबादेत अन् त्याचा हुकूम आपल्या वऱ्हाडात चालतो ना, तसेच समज. येथे रक्त फुटले की उजवा हात जातो, उजवा पाय जातो, तोंड वाकडे होते, आणि पुष्कळदा... इतके बोलून तो थांबला. त्याला आबांचे आठवले असावे. वाटी खाली ठेवून "आज पुरे" म्हणाला आणि बाहेर जाऊन उगाच खोकत राहिला. मी पागोटे बांधले आणि कामावर गेलो.

शेषराव काका त्याच दिवशी आले. कापूस हाताशी असल्यामुळे त्यांना तेराव्याला येता आले नव्हते, आणि दुखवट्याचे पागोटे बांधायचे राहिले होते. आता गाड्या अमरावतीला आणल्याच आहेत तर तेही उरकून घ्यावे असा त्यांचा विचार. (मी तक्रार करीत नाही. या वर्षी लग्ने, बारशी, दुखवटे सगळे कापसाच्या गाडीमागूनच चालले आहेत.) रीत आपण जाणताच. चार माणसांदेखत मुलाचे जुने पागोटे उतरवायचे आणि नवे आपल्या हाताने बांधायचे, म्हणजे दुःख संपले, आता कामाला लाग. काकांनी चार माणसे जमवली. व्यापाऱ्याचे मुनीम आले, हमाल आले, शेजारपाजार आला, पार्वताबाईंनी पाट मांडला. मी दुपारचा घरी आलो तो सरळ पाटावर बसवला गेलो. डोक्यावर काय आहे ते मला तेव्हा आठवले जेव्हा काकांचा हात पागोट्याला लागला. मी "काका, जरा" इतके म्हणालो. पण माझा आवाज आपणास ठाऊक आहे. पागोटे उतरले.

मग काका म्हणाले, "अरे शालिक्या, हे काय होय बा? कोनं मोजलं तुहं डोस्कं?"

मामा, यात काकांची चूक नाही. सध्या जमीनमोजणीचे लोक साखळ्या घेऊन गावोगाव फिरत आहेत. ते रेघा ओढतात, हद्दीवर दगड रोवतात, तुकड्यातुकड्याला खूण घालतात, आणि मागाहून सारा ठरतो. तांबडी रेघ पाहिली की आपल्या माणसाचा जीव खालीवर होतो. एक हमाल वाकून पाहू लागला आणि म्हणाला, "गुंठे बी पाडले हो यानं!" मुनीम म्हणाले की आता सरकार डोक्यावरही सारा बसवणार, ज्याचे जेवढे मोठे त्याला तेवढा. त्यावर हमालाने मुनिमांना सांगितले, "मंग तुमाले भेव नाही, मुनीमजी." सगळे हसले. या वेळी मी बोलायला हवे होते. परीक्षा, मेंदू, खुशालराव, एवढे तीन शब्द पुरले असते. पण माझ्याआधी पार्वताबाई बोलल्या, आणि त्यांना वाटते की माझ्या विद्येविषयी त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात. त्या म्हणाल्या, "मोजनीवाल्याचं नोहे ते काम. ते दवाखान्यातल्या मोठ्या सायबाचं होय. हा पौषात नापास झाला म्हंजे सायेब तिथून उघडून पाह्यते, इतके दिस शिकवलं त मंधात काहून काही शिरलं नाही म्हनून."

काकांनी ते खरे धरले. मी मान हलवून नाही म्हणत होतो, पण मान हलली की नकाशाही हलत असे, आणि त्याने लोकांची खात्रीच पटत गेली. काकांनी बोटाने रेघा चाचपल्या. मग त्यांचे बोट डाव्या कानाच्या वर थांबले. "अन् हे फुली कायची? हद्दीचा गोटा हाय का इथं?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्या सगळ्या गर्दीत मला एकट्याला येत होते. सकाळीच शिकलो होतो. मी दिले नाही. काकांना वाटले की मी घाबरून गप्प आहे, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "सूर्यभान गेला, अन् मांगं पोराचं हे असं," म्हणून त्यांनी नवे पागोटे इतके करकचून बांधले की नकाशा झाकला तर जावाच, पण बुजावाही. माझ्या दोन्ही भुवया वर चढल्या. दवाखान्यात मला पाहून साहेब म्हणाले, शालिकराम, आज तू प्रथमच कशात तरी रस घेतल्यासारखा दिसतोस.

तर मामा, हकीकत एवढीच आहे. डोक्याला सरकारचा हात लागलेला नाही. परीक्षेनंतर ते माझ्याजवळच राहील, त्यात काही नसले तरी. आईला सांगावे की रेघा माझ्या मित्राने काढल्या, अभ्यासाकरिता, आणि त्याने दुसरे काही वाईट केलेले नाही.

अभ्यासाचे विचाराल तर होत नाही. हाडे येतात, औषधांची मापे येतात, बलुतेदार साहेबांच्या भीतीने गाव सोडून गेले ते परत आले नाहीत. आणि एक पान मला वाचताच येत नाही. ते अर्धांगवायूचे. साहेब तोच प्रश्न दर खेपेस विचारतात, सगळ्यांना ठाऊक आहे. बाकी काही आले नाही तरी तो आला पाहिजे, त्यावर निम्मी परीक्षा. त्या पानापाशी आलो की मी उठतो, पाणी पिऊन येतो, आणि परत बसतो ते पुढच्या पानावर. पाणी मात्र पुष्कळ प्यायले जाते. खुशालराव आता त्या विषयावर मला काही विचारत नाही. त्याची दया आली की मला त्याच्याशी बोलवत नाही, आणि नाही बोललो की तो आणखी दया करतो. परीक्षेला जायला गाडी मिळत नाही, सगळ्या कापसाने धरल्या आहेत. तेव्हा कापसाच्या गाडीतल्या गठाणींवर बसून आम्ही दोघे अकोल्यास जाणार. परत येताना गठाणी नसतील, आणि मला वाटते, नोकरीही नसेल. भगवंतराव दलालांना सांगावे की शालिकराम पौष संपता संपता येतो. कापूस ओळखण्यास मी शिकेन. त्यावर झोपून झालेच आहे.

मामींना नमस्कार. लहानथोरांस यथायोग्य. माझ्या पास-नापासाने आपला लोभ कमीजास्त होत नाही हे मी धरून चाललो आहे, तेवढा आधार ठेवावा.

आपला भाचा,
शालिकराम सूर्यभान

ता. क. आईने शेषराव काकांवर रागावू नये. त्यांनी जाताना मला चिवडा आणि तिळाची चटणी दिली, आणि पार्वताबाईंना बजावले की याच्या डोक्यावर ऊन लागू देऊ नका, वरून तडकेल.

आणखी एक. भगवंतराव दलालांना अजून काही सांगू नये. वर तसे लिहिले खरे, पण आज दुपारी दवाखान्यात एक बाई मूल घेऊन आली, त्याच्या कानात कापसाची सरकी अडकली होती. मी ती काढली. मूल रडले, बाई हसली. एवढेच झाले. तरी जागेविषयी आपण थोडे थांबावे. नाही म्हणू नये, होही म्हणू नये.

पुन्हा लिहितो. मामा, आपल्याला पत्र मोठ्याने वाचण्याची सवय आहे. येथून पुढचे मनात वाचावे, मामींनाही ऐकवू नये.

आज ते पान वाचले. पहिल्यांदाच शेवटपर्यंत. त्यात दोन प्रकार दिले आहेत. एका प्रकारात मनुष्य पडल्याबरोबर त्याची शुद्ध जाते आणि त्याला पुढचे काही कळत नाही. दुसऱ्यात अंग जाते, जीभ जाते, पण शुद्ध राहते. त्याला ऐकू येते, माणसे ओळखू येतात, फक्त बोलता येत नाही. साहेब विचारतात ते हेच, की समोरचा रोगी यांपैकी कोणता हे कशावरून ओळखाल. मला सांगता येत नाही. माझ्या पाहण्यातला रोगी एकच, आणि तोही मी पाहिलेला नाही. त्या दिवशी पुंजाराम वैद्याला आणायला वरूडला गेला होता, आई देवापुढे होती. आबांजवळ आपण एकटे होता. मी आलो तेव्हा आपण मला म्हणालात की त्यांना काही कळले नाही, दिवा विझावा तसे गेले. मी ते ऐकून घेतले. पण पुंजाराम म्हणतो की तो निघाला तेव्हा आबांचा डावा हात घोंगडीवर हलत होता, काहीतरी शोधत असल्यासारखा.

म्हणून विचारतो. हाक मारल्यावर डोळे वळत होते का? पाणी दिले तर गिळत होते का? हात आपल्या हातात घेतला तर दाबत होते का? जे पाहिले तेच लिहावे. मला बरे वाटावे म्हणून पहिला प्रकार लिहू नये. दुसरा असेल तर दुसराच लिहावा. मी तो वाचू शकेन, आणि अकोल्यास साहेबांपुढे सांगूही शकेन. पण उत्तर आले नाही तर त्या प्रश्नापाशी मी पुन्हा पाणी प्यायला उठेन.

आणि दुसरा प्रकार असेल तर एवढे आणखी लिहावे, की ते जागे होते तोवर आपण त्यांच्याशी काही बोलत होता ना, आणि काय. हे परीक्षेत विचारत नाहीत.